इराणला हरवलं म्हणून पोरीला अकॅडमीत घालायचं काय?

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या एका दादांचा प्रश्न आहे, आधी तो थोडक्यात सांगतो. त्यांची मुलगी १३ वर्षांची, मराठी शाळेत आठवीला. जुलैमध्ये भारताच्या मुलींच्या टीमनं थायलंडला हरवलं तेव्हापासून तिला फुटबॉलचं वेड लागलंय. ३० नोव्हेंबर २०२५ ला अंडर १७ च्या पोरांनी अहमदाबादला इराणला २-१ नं हरवलं, ती मॅच घरातल्या सगळ्यांनी मोबाईलवर बघितली. आणि आता एका मोठ्या शहरातल्या अकॅडमीचा माणूस मागं लागलाय की वर्षाला १ लाख ८० हजार भरा, भारताचे दिवस आलेत, पाच वर्षात पोरगी इंडिया खेळेल. दादा बायकोच्या पाटल्या गहाण टाकायच्या विचारात आहेत. त्यांनी विचारलंय, "भारत खरंच वर येऊलालाय काय, का नुसती हवा हाय? हवा असंल तर पैसे घालत न्हाई, खरं असंल तर मागं बघत न्हाई."

दादा, तुम्ही दोन प्रश्नांची एकच गाठ मारलीय. भारताची टीम वर येते काय हा एक, आणि तुमच्या पोरीनं पुढची दोन-तीन वर्षं काय करावं हा दुसरा. मी २२ वर्षं बेळगावात पोरापोरींना फुटबॉल शिकवतोय, त्यात टीमच्या जिंकण्याच्या अशा चार-पाच लाटा ग्राउंडवरून बघितल्यात, आणि माझं मत असं झालंय की पहिल्या प्रश्नाचं उत्तर काहीही आलं तरी दुसऱ्याचं बदलत नाही. ते मत कसं झालं ते सांगतो, जरा लांबण लागेल.

आधी या जिंकण्यांचं वजन करू, कारण सगळ्यांचं वजन सारखं नसतं. २०२३ आठवा. जूनमध्ये भुवनेश्वरला इंटरकॉन्टिनेंटल कप जिंकला, ४ जुलैला बेंगळूरला कंठीरवा स्टेडियमवर कुवेतला पेनल्टीवर हरवून दक्षिण आशियाची सॅफ स्पर्धा जिंकली, फिफाच्या यादीत भारत ९९ वर आला. माझ्याकडची पोरं त्या रात्री फटाके घेऊन बेळगावच्या कॅम्पात फिरत होती, आणि मी पण त्यांच्याबरोबर होतो. खरं त्या सगळ्या मॅचा घरच्या होत्या, आपलं ग्राउंड, आपली माणसं, आपलं हवामान. सहा महिन्यांनी जानेवारी २०२४ ला कतारमध्ये एशियन कप झाला, ऑस्ट्रेलियाकडून ०-२, उझबेकिस्तानकडून ०-३, सीरियाकडून ०-१, तीन मॅचमध्ये एक गोल नाही. सहा महिन्यात टीम बिघडली नव्हती, घरचं ग्राउंड सुटलं आणि समोरचे तगडे आले. नोव्हेंबर २०२५ ला रँकिंग १४० च्या पलीकडं गेलं आणि त्याच महिन्याच्या १८ तारखेला ढाक्यात बांगलादेशनं आपल्याला १-० नं हरवलं, २००३ नंतर पहिल्यांदा.

आता मुलींचं बघा. ५ जुलै २०२५, शनिवार, दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी, इथं पाऊस धो धो. ती मॅच थायलंडमध्येच चियांग माईला होती, म्हणजे समोरच्याच्या घरात, आणि थायलंड ही २०१५ आणि २०१९ असे दोन वर्ल्ड कप खेळलेली टीम. संगीता बासफोरनं दोन गोल मारले, २-१. त्याच्या आधी मंगोलियाला १३-०, तिमोरला ४-०, इराकला ५-० हरवलं होतं, ते मी बाजूला ठेवतो, त्यावरून काही कळत नाही. खरं थायलंडची मॅच जड आहे. क्वालिफाय होऊन एशियन कपला जायची ही आपल्या मुलींची पहिलीच वेळ. २०२२ ला आपल्याकडंच स्पर्धा होती म्हणून जागा मिळाली होती आणि तेव्हा टीममध्ये कोरोना पसरला, एक मॅच खेळून बाहेर पडावं लागलं. त्या मुलींनी हे तीन वर्षांनी भरून काढलंय. म्हणजे तुमच्या पोरीला ज्या मॅचनं वेड लावलं ना, ती या सगळ्यातली सगळ्यात सच्ची मॅच आहे, तिची निवड चुकलेली नाही हे तिला माझ्याकडून सांगा.

अंडर १७ ची मॅच पण चांगलीच होती. इराणला नुसती बरोबरी पुरत होती, त्यांनी पहिला गोल मारला, तिथनं परत येऊन पोरांनी जिंकली, हे १६-१७ वर्षांच्या पोरांना सोपं नसतंय. फक्त एक आठवण करून देतो. त्यांचे कोच बिबियानो फर्नांडिस, गोव्याचे, हेच २०१८ ला पण अंडर १६ चे कोच होते. त्या टीमनं मलेशियात क्वार्टर फायनलपर्यंत मजल मारली, कोरियाकडून ०-१ हरली, ती एक मॅच जिंकली असती तर थेट अंडर १७ वर्ल्ड कप. तेव्हा पण सगळे म्हणत होते, ही पिढी बदलून टाकणार. त्या टीममधली किती नावं आज सीनियरमध्ये दिसतात, शोधून बघा.

आणि त्याच्या एक वर्ष आधीची बॅच बघा, २०१७ ला आपल्या देशात अंडर १७ वर्ल्ड कप झाला ती. तिन्ही मॅचा हरले. खरं त्या बॅचला फेडरेशननं इंडियन ॲरोज नावानं एकत्र ठेवून आय लीगमध्ये घातलं, मोठ्या माणसांबरोबर आठवड्याला मॅच, हरले तरी मॅच. त्यातनं जॅक्सन सिंग, सुरेश सिंग, अन्वर अली, आपल्या शेजारचा कोल्हापूरचा अनिकेत जाधव, हे सगळे सीनियर टीमपर्यंत गेले. ९ ऑक्टोबर २०२५ ला सिंगापूरमध्ये शेवटच्या मिनिटाला बरोबरीचा गोल मारणारा रहीम अली त्याच बॅचचा. ॲरोज २०२२ ला बंद केली, मला त्याचं आजपण वाईट वाटतंय. सतरा ते एकवीस या वयात पोराला मॅच मिळाली तर तो राहतो, नाही तर कितीही गुणी असू दे, गळतोय. माझं सगळं म्हणणं याच्याभोवतीच फिरतंय, म्हणून एवढं सांगितलं.

आता माझ्या ग्राउंडवरचं सांगतो. मी हजेरीची वही ठेवतो, जुनी सवय. जून २०१८ ला सुनील छेत्रीनं व्हिडिओ टाकला होता, शिव्या द्या खरं स्टेडियमला या म्हणून, आणि पुढची मॅच मुंबईत हाऊसफुल झाली. त्या आठवड्यात माझ्याकडं नेहमीची १८ होती तिथं ४१ पोरं आली. जानेवारी २०१९ ला थायलंडला ४-१ हरवलं तेव्हा परत गर्दी, २०२३ ला परत. प्रत्येक वेळी साधारण सहा आठवड्यात पोरं पहिल्या आकड्यावर. मला आधी वाटायचं टीम हरली की पोरं जातात. वही नीट बघितल्यावर कळलं तसं नाही. २०१८ ला तर टीमनं ती स्पर्धा जिंकली होती, तरी पोरं गेली. मी त्यांना काय दिलं होतं? प्लॅस्टिकचे कोन, रनिंग, पासिंग, परत कोन. एक मॅच दिली नव्हती दीड महिन्यात. पोरगं टीव्हीवर मॅच बघून येतंय आणि आपण त्याला लाईनीत उभं करतोय, ते का थांबेल?

२०२३ ला म्हणून वेगळं केलं. नवीन आलेल्यांची तिसऱ्याच रविवारी सेव्हन साईड मॅच लावली, शेजारच्या दोन शाळांबरोबर, पावसात, चिखलात, पोरांना बॉल सापडत नव्हता. १९ नवी पोरं आली होती त्यातली ७ आजपण येतात. आधीच्या लाटांमधनं एक किंवा दोन राहायची. हा काही अभ्यास-बिभ्यास नाही, एका ग्राउंडची वही आहे, खरं मी त्यावरच माझं सगळं काम फिरवलंय. हवा येते तेव्हा ती खोटी आहे म्हणून नाक मुरडायचं नाही, सहा आठवडे मिळालेत असं समजून तेवढ्यात मॅच लावायची.

२०२५ चीच गोष्ट. सप्टेंबरच्या ८ तारखेला ताजिकिस्तानात कोच खालिद जमीलच्या भारतीय टीमनं ओमानला पेनल्टीवर हरवून मध्य आशियाच्या काफा कपमध्ये तिसरा नंबर काढला, ओमानला आपण आधी कधीच हरवलं नव्हतं. ६ ला अनंत चतुर्दशी होती, इकडं गाव मिरवणुकीच्या जागरणातनं अजून उठत होतं, तरी पोरांनी मॅच बघितली आणि लगेच ठरवलं की १४ ऑक्टोबरला गोव्यात फातोर्ड्याला सिंगापूरची मॅच बघायला जायचं. क्रूझर केली, वर्गणी काढली, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला असं उतरलो. गाडीत सगळा विषय केप व्हर्देचा, कारण आदल्याच दिवशी ते वर्ल्ड कपला क्वालिफाय झाले होते. सव्वापाच लाखाचा देश, म्हणजे आपल्या बेळगाव शहराएवढा की ओ सर, ते जातात आणि आम्ही का नाही? (२०११ च्या जनगणनेत बेळगाव शहर ४ लाख ८८ हजार होतं, म्हणजे पोरांचा हिशोब बरोबर होता.)

मी त्यांना सांगितलं ते तुम्हाला पण सांगतो, कारण अकॅडमीवाला हेच उदाहरण देणार. केप व्हर्देच्या टीममधली बरीच पोरं पोर्तुगाल, हॉलंड, फ्रान्समध्ये वाढलीत, तिथल्या क्लबात लहानपणापासून दर आठवड्याला मॅच खेळत. आपल्या देशात दोन नागरिकत्वं चालत नाहीत, त्यामुळं बाहेर वाढलेलं पोरगं पासपोर्ट सोडल्याशिवाय घेता येत नाही. आईसलँड तर साडेतीन लाखाच्या आतला देश, २०१६ ला युरो कपमध्ये इंग्लंडला हरवलं. त्यांनी काय केलं होतं, तर थंडीत खेळता यावं म्हणून मोठे बंद हॉल बांधले आणि गावागावात लायसन्सवाले कोच लहान पोरांना दिले. लोकसंख्या सोडा, पोराला आठवड्याला मॅच आणि शिकलेला कोच, दोन्हीकडं हेच सापडतंय.

फातोर्ड्याला छांगटेनं १४ व्या मिनिटाला गोल मारला तेव्हा आमची पोरं एकमेकांच्या अंगावर पडत होती. मग सिंगापूरच्या साँगनं दोन मारले, २-१, आणि २०२७ च्या एशियन कपचा आपला रस्ता बंद. परत येताना घाटात गाडीत चिडीचूप. कणकुंबीच्या पुढं आल्यावर मागनं एकानं विचारलं, "सर, रविवारची मॅच हाय न्हवं?" म्हटलं हाय. झालं, तिथनं परत बोलायला लागली, कोण कुठं खेळणार म्हणून. ज्या पोराची रविवारी स्वतःची मॅच असते त्याचं मन भारत हरला म्हणून तुटत नाही. त्याला वाईट वाटतंय, रडतंय पण, खरं सोडत नाही.

आता तुमच्या पोरीचं. इथं खरंच बरंचसं परिस्थितीवर आहे आणि मी तिला खेळताना बघितलेलं नाही, त्यामुळं ती किती पुढं जाईल हे मी बोलणार नाही आणि न बघता बोलणाऱ्या कुणावर तुम्ही पण विश्वास ठेवू नका. ती खेळायला लागून पाच महिने झालेत. पाच महिन्यात कुणी "इंडिया खेळेल" म्हणत असेल तर तो तुमच्या पाटल्या बघून बोलतोय. माझ्याकडच्या एका पोरीच्या वडिलांनी असेच पैसे भरले होते, कुठं ते नाव घेत नाही. वर्षात ४ मॅच मिळाल्या, त्यातल्या दोनमध्ये ती बेंचवर. आठ महिन्यांनी परत आली तेव्हा तिचा पाय शाबूत होता, खरं बॉल मागायची हिंमत गेली होती. ती हिंमत परत आणायला मला एक वर्ष लागलं. मॅच न खेळता शिकलेल्या पोरीचं हेच होतंय, ती चुकायला घाबरते.

त्या माणसाला फोन करून एवढं विचारा. गेल्या वर्षी तुमच्या अंडर १५ मुलींनी किती मॅच खेळल्या आणि कुठल्या स्पर्धेत, नावासकट सांगा. आपसात खेळलेल्या धरू नका. माझ्या मते वर्षाला २५ च्या खाली असतील तर घर सोडायचं कारण नाही. (आपली देशातली सगळ्यात मोठी मुलींची लीग, आयडब्ल्यूएल, त्यात २०२४-२५ च्या सीझनला एका टीमला १४ मॅच होत्या, म्हणून वरच्या टीमकडं बघून समाधान मानू नका, लहान वयात जास्त पाहिजेत.) मुलींना शिकवणारा कोच कोण आणि त्याचं लायसन्स कुठलं. हॉस्टेलवर बाई वॉर्डन रात्री राहते काय. पाय मोडला तर खर्च कुणाचा. तिची खेळाडू म्हणून नोंदणी कुठल्या क्लबच्या नावावर होणार आणि परत यायचं झालं तर सोडपत्र किती दिवसात देणार, हे लिहून घ्या. यातलं एक जरी "ते बघू की नंतर" असं आलं तर फोन ठेवून द्या.

आपल्या भागाचा एक गुंता वेगळा आहे. तुम्ही तिला कोल्हापूर-पुण्याकडं घातलं तर मराठीतनं शिक्षण चालू राहील हा मोठा फायदा, खरं शाळा बदलली की राज्य बदललं, मग तिथनं खेळायचं, इथली ओळख सुटली. बेंगळूरला घातलं तर राज्य तेच, खरं आठवीतल्या पोरीला भाषा, जेवण, माणसं सगळं एकदम नवीन. दोन्ही करून पोरं पुढं गेलेली मी बघितलीत, म्हणून चूक-बरोबर म्हणत नाही. फक्त ते पंधराव्या-सोळाव्या वर्षी करा, तोपर्यंत तिला स्वतःला कळेल तिला काय पाहिजे. आत्ता शाळेकडनंच तालुका, मग बेळगाव शैक्षणिक जिल्हा, मग विभाग, मग राज्य असा रस्ता आहे, तो फुकट आहे. पीटीच्या सरांना भेटा आणि शाळेत मुलींची टीम उतरवा म्हणून मागं लागा, गावातल्या अकरा पोरी जमवणं हे तुमचं या सहा आठवड्यातलं काम. अकरा नाही जमल्या तर सात जमवा, सेव्हन साईड खेळवा. मुलांबरोबर खेळायची पाळी आली तर खेळू दे, या वयात त्याचा उपयोगच होतो, पास लवकर द्यायची सवय लागते.

अजून एक, बापांशी कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. तेरा-चौदाला पोरी फुटबॉल सोडतात त्यात टीम हरण्या-जिंकण्याचा काही संबंध नसतो. ग्राउंडजवळ बाथरूम नसतं, कपडे बदलायला जागा नसते, पाळीच्या दिवसात कुणाला सांगायचं कळत नाही, अंधार पडल्यावर बसस्टॉपवर उभं राहायचं असतं. माझ्या वहीतल्या पोरींची गळती जवळजवळ सगळी याच कारणांनी झालीय. आम्ही ग्राउंडशेजारच्या एका घरात बोलून पोरींसाठी खोली मिळवली आणि प्रॅक्टिस संध्याकाळची सकाळी केली, त्यानंतर दोन वर्षात एकच पोरगी गेली, ती पण बदली झाली म्हणून. तुमच्या गावात मुलींची टीम करणार असाल तर बॉल आणायच्या आधी हे बघा. घरातल्या बायकांना यात घ्या, हे त्यांनाच नीट जमतंय.

पैशाचं म्हणाल तर पाटल्या घरातच राहू देत. पहिल्या वर्षाला चांगले बूट, शीनगार्ड, दोन बॉल आणि मॅचला जायचं भाडं, एवढाच खर्च. भाड्याचं पण खानापूर-बेळगाव सरकारी साध्या बसला कर्नाटकच्या शक्ती योजनेत मुलींना तिकीट नाही, आधार कार्ड जवळ असलं की झालं. बूट घेताना वाढत्या पायाला म्हणून दोन नंबर मोठे घेऊ नका, सगळे आई-बाप तेच करतात आणि पोरीची टाच सोलून निघते.

मार्च २०२६ मध्ये ऑस्ट्रेलियात आपल्या मुलींचा एशियन कप आहे, जपान, व्हिएतनाम आणि चायनीज तैपेईबरोबर. जपान २०११ ची वर्ल्ड चॅम्पियन. ती मॅच मोठ्या फरकानं जाऊ शकते हे पोरीला आधीच सांगून ठेवा आणि तरी सगळ्यांनी बसून बघा. मी तर सगळ्या पोरींना एकत्र बसवून दाखवणार आहे, आणि त्याच आठवड्याच्या रविवारी आमच्या मुलींची मॅच लावणार आहे. तुमच्या गावची टीम तोपर्यंत झाली तर तुम्हीच समोर उतरा.

तोपर्यंत येत्या रविवारी तिला बेळगावला घेऊन या. सकाळी साडेसहाला, उशीर नको, आठनंतर ग्राउंडवर क्रिकेटवाले येतात. जन्मदाखल्याची झेरॉक्स आणा, पाण्याची बाटली आणा. पहिल्या दिवशी मी काही शिकवणार नाही, थेट मॅचमध्ये घालणार आहे. कुठल्या जागेवर खेळायला आवडतंय ते तिला विचारून ठेवा.